विश्लेषण : दाभोशाच्या दरीवर रिमोटचे विमान उडवता येते का? नियम काय आणि क्लब कशासाठी?

जव्हारपासून साधारण २० किलोमीटरवरचा दाभोसा धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने मुंबई, ठाणे, नाशिककडच्या पर्यटकांनी गजबजतो. लेंडी नदी इथे सुमारे ३०० फूट कड्यावरून खाली कोसळते. समोर दरी, आजूबाजूला जंगल आणि वर मोकळे आकाश. साहजिकच पर्यटकांच्या सामानात कॅमेऱ्याबरोबर ड्रोन आणि रिमोटवर चालणारी छोटी विमानेही येऊ लागली आहेत.

याच तालुक्याचे आकाश डिसेंबर २०२१ मध्ये एका वेगळ्या कारणाने चर्चेत आले होते. जव्हारहून झाप गावात करोना लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोहोचवण्यात आल्या. प्रशासनाने तेव्हा दिलेल्या माहितीनुसार सुमारे २० किलोमीटरचे हे अंतर नऊ मिनिटांच्या आसपास कापले गेले. रस्त्याने त्याच कामाला ४० मिनिटे लागतात.

एकाच भागात एक यंत्र छंद म्हणून उडते आणि दुसरे लस घेऊन जाते. दोन्हींमागचे शास्त्र एकच आहे, कायदाही एकच आहे. पण छंद म्हणून विमान उडवायला शिकायचे असेल तर ते कुठे, कोणाकडून आणि कोणत्या नियमांनी, याची माहिती फार थोड्यांना असते. ती देणारी जागा म्हणजे एरोमॉडेलिंग क्लब. या क्लबमध्ये काय चालते, कायदा काय सांगतो आणि दाभोशासारख्या ठिकाणी सावध का राहावे, हे समजून घेऊ.

मॉडेल विमान आणि ड्रोन वेगळे आहेत का?

बोलताना आपण फरक करतो. चार पंखे असलेले, एका जागी तरंगणारे आणि फोटो काढणारे ते ड्रोन. दोन पंख आणि शेपटी असलेले, धावपट्टीवरून किंवा हातातून झेपावणारे ते मॉडेल विमान. तांत्रिक फरकही मोठा आहे. चार पंख्यांच्या ड्रोनला आतला संगणक सतत सावरत असतो. रिमोटवरचा हात काढला तरी ते बहुतेक वेळा जागच्या जागी थांबते. पंख असलेले विमान मात्र पुढे जात राहिले तरच हवेत राहते. वेग कमी झाला आणि पंखांवरून वाहणारी हवा तुटली की उचल संपते आणि विमान खाली येते. म्हणूनच मॉडेल विमान उडवणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे.

कायद्याच्या नजरेत मात्र दोन्ही एकाच कुटुंबातली आहेत. केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या ड्रोन नियमांत, माणूस न बसवता उडणाऱ्या सर्व विमानांचा समावेश होतो. छंदाच्या विमानासाठी त्यात स्वतंत्र व्याख्या आहे. एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी आणि उड्डाण चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, या तीन अटी पाळणारे रिमोटवरचे यंत्र 'मॉडेल' ठरते.

यातली तिसरी अट महत्त्वाची. नजरेच्या टप्प्यात म्हणजे स्वतःच्या डोळ्यांना विमान दिसले पाहिजे. डोळ्यांवर गॉगल लावून, विमानातल्या कॅमेऱ्याचे चित्र पाहत डोंगरापलीकडे उडवणे या व्याख्येत बसत नाही. झापला गेलेला ड्रोनही त्यामुळेच 'मॉडेल' नव्हता. जव्हारमधून झाप दिसत नाही.

वजनानुसार नियम कसे बदलतात?

नियमांत वजन म्हणजे उडतानाचे एकूण वजन, बॅटरी आणि लादलेल्या वस्तूंसह. छंदवाल्यांशी संबंधित गट तीन आहेत.

• २५० ग्रॅमपर्यंत : नॅनो. उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्रयस्थ व्यक्तीसाठीच्या विम्याची सक्तीही नाही.

• २५० ग्रॅमच्या वर ते २ किलो : मायक्रो. पैसे न कमावता, केवळ हौसेने उडवत असल्यास प्रमाणपत्र लागत नाही. विमा मात्र हवा.

• २ किलोच्या वर ते २५ किलो : स्मॉल. इथे ही सूट संपते. प्रमाणपत्र आणि विमा दोन्हींचा विचार करावा लागतो.

फोमचे शिकाऊ विमान बहुतेक वेळा दुसऱ्या गटात येते. पेट्रोल इंजिनावर चालणारी, मोठ्या पंखांची विमाने तिसऱ्या गटात जातात.

मॉडेल चालवण्यासाठी 'टाइप सर्टिफिकेट' म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांना लागणारे प्रकार प्रमाणपत्र आवश्यक नाही. घरी थर्माकोल कापून बनवलेल्या विमानाला असे प्रमाणपत्र कोण देणार, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. पण याचा अर्थ सगळ्यातून सुटका असा नाही. नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेण्याच्या नियमात मॉडेलसाठी वेगळी सूट दिलेली नाही.

हौस आणि धंदा यांतली रेषाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या रिसॉर्टसाठी पैसे घेऊन चित्रीकरण केले तर तेच एक किलोचे यंत्र व्यावसायिक ठरते आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते.

आकाशाचे तीन रंग कोणते?

देशाच्या हवाई नकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे तीन भाग करण्यात आले आहेत. हा नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला झाला. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी आगाऊ परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते.

नकाशा बदलत राहतो, हे अनेकांना माहीत नसते. राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा एखादा भाग जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल घोषित करू शकते. शिवाय पोलीस स्वतंत्र मनाई आदेशही काढतात. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरची हलकी विमाने यांच्यावर असे आदेश वारंवार निघत असतात. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूर अणुवीज केंद्र आहे. त्यामुळे जिल्ह्यात एका ठिकाणी चालते म्हणून दुसरीकडे चालेल, असे गृहीत धरता येत नाही. त्या दिवशीचा नकाशा पाहणे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारणे हा साधा उपाय आहे.

नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघात झाला तर त्याची माहिती ४८ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे.

मग दाभोशाला नेमकी अडचण काय?

नकाशात हिरवा रंग दिसला तरी धबधब्याचा काठ हे शिकण्याचे ठिकाण नाही. त्याची कारणे भूगोलात आहेत.

पहिले कारण उंचीचे. १२० मीटरची मर्यादा विमानाच्या खाली असलेल्या जमिनीपासून मोजायची. समजा, कड्याच्या वरच्या पठारावर उभे राहून कोणी विमान ६० मीटर उंचीवर नेले. ते मर्यादेच्या निम्म्यावर आहे. तेच विमान सरळ पुढे जाऊन दरीवर आले की खालची जमीन एकदम ३०० फुटांनी, म्हणजे सुमारे ९० मीटरने, खाली जाते. विमान तसूभरही वर चढलेले नाही, पण जमिनीपासून त्याची उंची आता १५० मीटर झाली. रिमोटच्या पडद्यावर मात्र ६० हाच आकडा दिसतो, कारण तो बहुतेक वेळा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेला असतो.

दुसरे कारण वाऱ्याचे. दरीकडून कड्यावर आदळणारा वारा वर चढतो. याच उचलीवर कामशेत आणि पाचगणीला पॅराग्लायडर तरंगतात. पण वारा उलट्या दिशेने, पठारावरून दरीकडे वाहत असेल, तर काठ ओलांडताच तो खाली कोसळतो आणि त्यात भोवरे तयार होतात. एक किलोच्या फोमच्या विमानाला त्यातून सावरणे अनुभवी माणसालाही जड जाते. दोन्ही वारे डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणजे दिसत नाहीत.

तिसरे कारण सिग्नलचे. आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये खडक किंवा ओली दाट झाडी आली की त्या क्षीण होतात. विमान काठाच्या खाली गेले की ते नजरेआड होते आणि रिमोटपासूनही तुटू शकते.

चौथे आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे पडलेले विमान आणायला जाणारा माणूस. मे २०२४ मध्ये दाभोशाला उंचावरून पाण्यात उडी मारल्याने एका तरुण पर्यटकाचा मृत्यू झाला होता. त्या घटनेचा उड्डाणाशी संबंध नव्हता, पण जागा तीच आहे. निसरडे खडक, खोल डोह आणि लांबचे रुग्णालय. काही हजारांच्या विमानासाठी कड्यावरून उतरण्याचा मोह होतो, तो तिथेच आवरावा लागतो. दरीत गेलेले विमान गेले, असे समजूनच काठावर यावे.

आणि पाचवी बाब म्हणजे माणसे. धबधब्यावर गर्दी असते, लहान मुले असतात. एक किलोचे विमान ५० किलोमीटर वेगाने येते तेव्हा ते खेळणे राहत नाही. फिरणारा पंखा बोट कापू शकतो. परिसरात जंगल आहे, पक्ष्यांची घरटी आहेत. गावकरी आणि वन विभागाला विचारल्याशिवाय इथे काही उडवू नये.

क्लब नेमके काय करतो?

एरोमॉडेलिंग क्लब म्हणजे रविवारी सकाळी विमाने उडवणारी काही हौशी मंडळी, असे बाहेरून दिसते. प्रत्यक्षात तिथे तीन गोष्टी एकत्र मिळतात : मोकळे मैदान, सर्वांनी मानलेले नियम आणि चूक होण्याआधी टोकणारा जुना माणूस.

मैदानाची पहिली शिस्त म्हणजे एक रेषा. उडवणारे सगळे त्या रेषेवर उभे राहतात, बाकीचे त्यांच्या मागे आणि विमाने नेहमी पुढच्या बाजूला. माणसांच्या डोक्यावरून विमान न्यायचे नाही. उतरवताना मोठ्याने 'लँडिंग' असे ओरडायचे. मैदानात कोणी विमान उचलायला गेले असेल तर तोपर्यंत दुसऱ्याने उतरवायचे नाही.

जुन्या काळी आणखी एक पद्धत होती. तेव्हाच्या रिमोटमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा स्फटिक बसवलेला असे. दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली आणि दोघांनी एकाच वेळी रिमोट चालू केला तर हवेतले विमान पडलेच म्हणून समजा. त्यावर उपाय म्हणून क्लबच्या फळ्यावर कपड्यांचे चिमटे लावलेले असत, प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा एक. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. आताचे रिमोट ही काळजी आपोआप घेतात. पण दुसऱ्याचे विमान हवेत आहे का, हे आधी पाहायची सवय त्या चिमट्यांनीच लावली.

शिकणाऱ्यासाठी 'बडी बॉक्स' असतो. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले असतात. विद्यार्थी उडवतो आणि शिक्षकाच्या हातात एक बटण असते. विमान बिघडायला लागले की बटण सोडायचे, ताबा शिक्षकाकडे येतो. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तसेच हे.

नवशिक्याचे विमान बहुधा एकाच ठिकाणी पडते, ते म्हणजे स्वतःकडे येताना. विमान लांब जात असताना काठी डावीकडे ढकलली की ते डावीकडे वळते. तेच विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की आपल्या नजरेत डावे-उजवे उलटते. घाबरलेला हात चुकीच्या बाजूला जातो. क्लबमध्ये यावर एक सोपी युक्ती सांगतात : विमान आपल्याकडे येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काठी ढकलायची, जणू खालून आधार देतो आहोत. ही एक ओळ एकट्याने शिकणाऱ्याला दोन-तीन विमाने मोडल्यावर कळते.

बॅटरीचेही तसेच. हलक्या विमानांत लिथियम पॉलिमर बॅटरी असते. एका सेलचा सामान्य दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. फुगलेली, आपटलेली किंवा जास्त भरलेली बॅटरी पेट घेऊ शकते. त्यामुळे क्लबमध्ये ती कोणी झोपताना चार्जिंगला लावत नाही, बंद गाडीत उन्हात ठेवत नाही आणि फुगली की पुन्हा वापरत नाही.

उड्डाणाआधीची तपासणी ठरलेली असते. पंखांचे रबर बँड, शेपटीचे बिजागर, काठी हलवल्यावर पाती योग्य बाजूला हलतात का आणि सिग्नल तुटला तर मोटार आपोआप बंद होते का. ही शेवटची सोय बहुतेक रिमोटमध्ये असते, पण ती आधी लावून तपासावी लागते.

महाराष्ट्रात हा छंद कुठे आहे?

राज्यात एरोमॉडेलिंगची ओळख अनेकांना राष्ट्रीय छात्र सेनेतून, म्हणजे एनसीसीच्या हवाई विभागातून झाली. या विभागाच्या छात्रांच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंगचा समावेश असतो आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. त्यात केवळ मांडून ठेवायची स्थिर मॉडेल असतात आणि तारेला बांधून गोल फिरवायची 'कंट्रोल लाइन' विमानेही. या प्रकारात छात्र मध्ये उभा राहतो आणि हातातल्या मुठीने तारा ओढून विमान वर-खाली करतो. रेडिओ नाही, तरी पंखांवरच्या हवेचा ताण थेट मनगटाला कळतो.

पुण्यात सदानंद काळे यांच्या एरोमॉडेलिंगच्या प्रात्यक्षिकांनी शाळकरी मुलांच्या पिढ्यांना मैदानावर आणले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट दरवर्षी ठरावीक वजन उचलणारे विमान बनवून स्पर्धांत उतरतात. बोइंग कंपनीनेही आयआयटींच्या सहकार्याने देशपातळीवरची एरोमॉडेलिंग स्पर्धा भरवली आहे.

'खेळण्यातले विमान' म्हणून याकडे पाहणाऱ्यांसाठी एक जुना दाखला आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. त्याच धर्तीचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये एका अमेरिकी वडिलांनी आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट. त्या खेळण्यानेच आपल्याला उड्डाणाची गोडी लागली, असे पुढे राइट बंधूंनी सांगितले.

परदेशात क्लबला काय स्थान आहे?

अमेरिकेत 'अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' ही संघटना १९३६ पासून आहे. तिच्या सदस्यांना संघटनेमार्फत दायित्व विमा मिळतो. तिथल्या कायद्यानुसार हौशी उडवणाऱ्याला एक छोटी मोफत परीक्षा द्यावी लागते आणि मान्यताप्राप्त संघटनेने ठरवलेल्या सुरक्षा नियमांप्रमाणेच उडवावे लागते. म्हणजे रोजच्या शिस्तीची जबाबदारी सरकारने मोठ्या प्रमाणात संघटनांवर सोपवली आहे.

आपल्याकडे नियमांत मॉडेलची व्याख्या आहे, सवलती आहेत, दंडही आहे. पण क्लबला अशी भूमिका दिलेली नाही. नवशिक्याला दोन किलोपर्यंतचे विमान प्रमाणपत्राशिवाय उडवायची मुभा मिळते आणि त्याने ते कुठे, कोणाच्या देखरेखीखाली शिकावे, हा प्रश्न त्याच्यावरच राहतो. मोठ्या शहरांत त्याला एखादा क्लब सापडतो. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला मोबाइलवरचे व्हिडीओ सापडतात आणि समोर दाभोशाची दरी असते.

जव्हार-मोखाड्याला याचा काय उपयोग?

उड्डाणाचे नाते या भागाला नवे नाही. जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेव्हाच्या हवाई दलात होते. पण आजचा प्रश्न जास्त रोजच्या जगण्यातला आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी परिसरातील एका आदिवासी महिलेला रस्त्याअभावी डोलीतून न्यावे लागले आणि तिची नवजात जुळी बाळे दगावली. ड्रोन रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. तो गरोदर बाईला रुग्णालयात नेऊ शकत नाही. डोंगरातल्या पाड्यांना आधी रस्ता आणि रुग्णवाहिकाच हवी. पण लस, औषधे किंवा तपासणीचे नमुने अशा काही किलोंच्या वस्तू वेळेत पोहोचू शकतात, हे झापच्या प्रयोगाने दाखवले.

असे प्रयोग रोजची सेवा व्हायचे असतील तर केवळ यंत्र पुरत नाही. ते उडवणारा, बॅटरी जपणारा, मोडलेले पाते बदलणारा आणि आज वारा नीट नाही, थांबा, असे सांगणारा माणूस तिथेच लागतो. दर वेळी तो मुंबई-पुण्याहून आणायचा असेल तर सेवा प्रयोगापुरतीच राहते.

रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी उत्तीर्ण ही पात्रता आहे. प्रशिक्षण अधिकृत संस्थेतून घ्यावे लागते. म्हणजे गावातल्या दहावी झालेल्या मुला-मुलीला हा दरवाजा कागदावर उघडा आहे. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना शेतीसाठी ड्रोन देण्याचे ठरले, त्यातही चालवणारी महिला गावातलीच असावी हाच विचार आहे. ज्याने लहानपणी स्वतःच्या हाताने ग्लायडर तोलले आहे, त्याला हे प्रशिक्षण परके वाटत नाही.

सुरुवात कशी करता येईल?

सगळ्यात स्वस्त सुरुवात रिमोटशिवाय होते. थर्माकोलच्या पातळ शीटचे हाताने फेकायचे ग्लायडर शाळेच्या मैदानात उडवता येते. त्यात शिकायची मुख्य गोष्ट एकच, तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर बोटाने विमान तोलले गेले पाहिजे. शेपूट जड असेल तर ते नाक वर करून थांबते आणि आपटते. नाकाला थोडी ओली माती किंवा नाणे चिकटवले की लगेच फरक दिसतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला गुरुत्वमध्य मुलांना तिथे हाताला लागतो.

नीती आयोगाच्या 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य मिळते. अशी लॅब असलेल्या शाळेत पुढचा टप्पा सोपा आहे. संगणकावरच्या सिम्युलेटरवर विमान शंभर वेळा पडले तरी खर्च होत नाही. त्यानंतर वर पंख असलेले, मागे मोटार बसवलेले फोमचे शिकाऊ विमान आणि शेजारी जाणकार माणूस.

जागेचा प्रश्न जव्हारमध्ये वाटतो तितका अवघड नाही. भात आणि नागलीची कापणी झाली की माळावरची शेते महिनोन् महिने मोकळी असतात. मालकाची परवानगी, गुरे आणि विजेच्या तारा नाहीत याची खात्री आणि कड्यापासून भरपूर अंतर, एवढे असेल तर क्रिकेटच्या मैदानाएवढी सपाट जागा छोट्या विमानाला पुरते. थंडीतल्या सकाळी वारा शांत असतो, तो शिकण्याचा उत्तम काळ. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या खडकांवरून उसळणारी हवा आणि पावसाळ्यातले धुके-वारे, दोन्ही टाळावेत.

उडवण्याआधी पाहायच्या सात गोष्टी

१. त्या दिवशीचा हवाई नकाशा आणि स्थानिक पोलिसांचा मनाई आदेश.

२. बॅटरीसह एकूण वजन आणि त्यानुसार नोंदणी, विमा, प्रमाणपत्र.

३. जमीनमालक, ग्रामपंचायत किंवा वन विभाग, ज्याची जागा असेल त्याची परवानगी.

४. वाऱ्याची दिशा. हातातून गवताची काडी सोडून पाहिली तरी कळते.

५. सिग्नल तुटल्यावर मोटार बंद होते का, याची जमिनीवर चाचणी.

६. सगळी माणसे उडवणाऱ्याच्या मागे आहेत ना, हे पाहणारा एक सोबती.

७. विमान पडले तर ते कुठे पडेल आणि ते आणायला सुरक्षितपणे जाता येईल का. उत्तर 'नाही' असेल तर जागा बदलावी.

दाभोशाच्या दरीवर विमान उडवता येते का, याचे उत्तर या सातव्या मुद्द्यात आहे. नियमांच्या चौकटीत बसले तरी शिकण्यासाठी ती जागा नाही. मात्र त्याच दाभोसा-जव्हार परिसरातल्या माळावर, चार जणांनी ठरवलेल्या एका रेषेमागे उभे राहून ते नक्की शिकता येते. कायद्याने परवानगी दिली आहे, मैदानही आहे. कमी आहे ती तिथे उभे राहून शिकवणाऱ्या जाणत्या माणसाची. एखादी शाळा, एनसीसीचे पथक किंवा शहरातला एखादा क्लब महिन्यातून एक रविवार इथे आला, तर ती भरून काढणे अवघड नाही.